डोळ्यातलं ८ मिलीग्रॅमचं इंजेक्शन: औषध चौपट, मग फायदा किती?

मुक्ता_एडिसन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई आमच्याकडे न्यू जर्सीत असतात. वय ७८. उजव्या डोळ्याला वेट एएमडी, म्हणजे वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या (पडद्याच्या मध्यभागाच्या) आजाराचा ओला प्रकार. अफ्लिबरसेप्ट २ मिलीग्रॅमची इंजेक्शनं चालू आहेत आणि नजर टिकून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण अंतराची आहे. पाच-सहा आठवड्यांनी गेलं तर ओसीटी (पडद्याचा स्कॅन) कोरडा. आठ आठवड्यांवर न्यायला गेलं की पडद्याखाली पाणी हजर.

डॉक्टरांनी आता ८ मिलीग्रॅमचं सुचवलंय, आयलिया एचडी. आईंचे दोन प्रश्न: "चौपट औषध डोळा सोसेल का?" आणि "चौपट दिसायला लागेल का?" पहिल्यावर डॉक्टर "सोसेल" म्हणाले, दुसऱ्यावर नुसते हसले.

मी वाचायला बसले तर बातम्यांत जिकडे तिकडे "सोळा आठवड्यांतून एकदा" एवढंच ठळक. इतकं सरळ असेल तर २ मिलीग्रॅमवालं अजून कोणी का घेतं? जाणकारांनी लिहावं. उपचाराचा सल्ला मागत नाहीये, तो डॉक्टर देतीलच. पुढच्या भेटीत त्यांना नेमकं काय विचारायचं ते कळलं तरी पुरे.

खडीसाखर

वाचतेय. माझ्या आत्याला सुका प्रकार आहे असं सांगितलंय. तिला हे इंजेक्शन चालतं का?

रेटिनावाला

मी पडद्याचा डॉक्टर, विदर्भात प्रॅक्टिस आहे. इथे कोणाला पाहिलेलं नाही, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण.

खडीसाखर, नाही. ही इंजेक्शनं फक्त ओल्या प्रकाराची. त्यात मॅक्युलाखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या पाझरतात, कधी फुटतात. त्यांना खतपाणी घालणारं प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ, आणि ही औषधं ते प्रथिन धरून ठेवतात. सुक्या प्रकारात असं पाझरणं नसतंच, मग अडवणार काय? सुक्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये पेगसेटाकोप्लॅन आणि अवासिनकॅप्टॅड अशी दोन वेगळी इंजेक्शनं आली. ती झीज थोडी मंदावतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. आत्यांनी सध्या एक करावं: रोज एकेक डोळा झाकून चौकटीच्या वहीकडे किंवा न्हाणीघरातल्या टाइल्सकडे बघावं. रेषा वाकडी दिसली तर "पुढच्या महिन्यात बघू" नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर.

आता मूळ प्रश्न. २ मिलीग्रॅमचं अफ्लिबरसेप्ट अमेरिकेत नोव्हेंबर २०११ मध्ये मंजूर झालं, ८ मिलीग्रॅमचं १८ ऑगस्ट २०२३ ला. रेणू तोच. द्रावण मात्र जास्त दाट: पूर्वी ०.०५ मिलीलीटर टोचायचो, आता ०.०७. म्हणजे औषध चौपट असलं तरी डोळ्यात शिरणारा द्रव चौपट नाही. टोचल्यावर दाब क्षणभर वाढतो तो दोन्हीत वाढतो. काचबिंदू असेल तर आधी सांगावं, बाकीच्यांनी त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

मुख्य चाचणीचं नाव पल्सर. हजारावर रुग्ण, तीन गट. सगळ्यांना आधी महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं. मग एका गटाला २ मिलीग्रॅम दर ८ आठवड्यांनी, दुसऱ्याला ८ मिलीग्रॅम दर १२ आणि तिसऱ्याला दर १६ आठवड्यांनी. ४८ आठवड्यांनंतर नजर तपासायच्या तक्त्यावरची किती अक्षरं वाढली? अनुक्रमे ७.६, ६.७ आणि ६.२.

खडीसाखर

म्हणजे जास्त औषधवाल्यांचं कमीच सुधारलं की!

रेटिनावाला

एखाद्या अक्षराचा फरक तक्त्यासमोर उभं राहताना कुणाला जाणवत नाही. दुसरं म्हणजे चाचणीचा प्रश्नच वेगळा होता. "८ मिलीग्रॅमने जास्त दिसतं का" हे त्यांनी विचारलंच नव्हतं. "कमी वेळा टोचून तेवढंच दिसतं का" एवढं विचारलं, आणि चार अक्षरांपेक्षा जास्त मागे पडलं तर नापास असं आधीच ठरवून ठेवलं. त्यात ते पास झालं. मुक्ताताईंचे डॉक्टर का हसले ते यातच आलं.

जुना_केमिस्ट

निवृत्त माणूस, आयुष्य औषध कारखान्यात गेलं. थोडं गणित मांडतो, वहीवर करून बघण्याजोगं आहे.

डोळ्यातल्या गरात टोचलेलं औषध ठरावीक काळात निम्मं होतं, पुन्हा तेवढ्याच काळात त्याच्या निम्मं. अफ्लिबरसेप्टसाठी हा काळ आपण नऊ दिवस धरू, माणसागणिक मागेपुढे होतो. समजा, २ मिलीग्रॅम टोचलं आणि आईंच्या डोळ्यात सहाव्या आठवड्याला औषध इतकं उरलं की त्याखाली पाणी साचायला लागतं. आता ८ टोचा. ८ चे ४ व्हायला नऊ दिवस, ४ चे २ व्हायला आणखी नऊ. अठरा दिवसांनी तुम्ही त्याच ठिकाणी उभे, जिथून २ मिलीग्रॅमवाला पहिल्या दिवशी निघाला होता. चौपट औषधाची कमाई म्हणजे हे अठरा दिवस. चौपट आठवडे नव्हेत.

सहा आठवडे अधिक अडीच, म्हणजे साडेआठ. सोळाचा आकडा या डोळ्यासाठी मनातून काढून टाकलेला बरा.

रेटिनावाला

केमिस्टकाकांना दंडवत. एवढं सोपं करून मला ओपीडीत कधी सांगता आलं नाही. एकच भर घालतो: प्रत्यक्षात ८ मिलीग्रॅमचं औषध या हिशेबापेक्षा थोडं जास्त रेंगाळतं असं मोजणीत दिसलंय. तरी अंदाज म्हणून तुमचा आकडा योग्य दिशेला आहे. सहा आठवड्यांवर अडकलेला डोळा औषध बदलल्यावर आठ-नऊवर गेला तर मी खूश असतो.

मुक्ता_एडिसन

काका, हे फ्रिजवर लावतेय! आईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अठरा दिवस म्हणजे काही कमी नाहीत, गणपतीला रत्नागिरीला जाऊन येता येईल." खरी गोम तीच आहे. पाच-सहा आठवड्यांच्या दावणीमुळे त्यांचं घरी जाणं खुंटलंय. डोळ्यापेक्षा त्याचंच दुःख जास्त.

पण मग त्या सोळा आठवड्यांचं काय? ७७ टक्के लोक सोळावर टिकले असं वाचलं. तो आकडा खोटा आहे का?

पराग_लेस्टर

खोटा नाही. मी डॉक्टर नाही, चाचण्यांची आकडेवारी हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे पल्सरचा पेपर निरखून वाचलाय. लँसेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ ला आला. १६ आठवड्यांच्या गटातले ७७ टक्के लोक पहिल्या वर्षभर त्याच अंतरावर राहिले, हे खरं. पण ते लोक कोण आणि "राहिले" म्हणजे काय, ते बातमीत नसतं.

सगळे नवे रुग्ण होते. ज्यांच्या त्या डोळ्यात आधी कधीच अशी इंजेक्शनं झालेली नव्हती, तेच घेतले. अशा रुग्णांत बरेच डोळे मुळातच समजूतदार असतात, कुठल्याही औषधाने लांबच्या अंतरावर जातात. मुक्ताताईंच्या सासूबाई मात्र डोळा हट्टी म्हणूनच या औषधाकडे आलेल्या. त्यांच्यासारखे लोक चाचणीत नव्हतेच, तर ७७ टक्के त्यांना लावणार कसे?

अंतर कमी करायची अट कडक होती. पाचपेक्षा जास्त अक्षरं गेली पाहिजेत, आणि शिवाय पडद्याची जाडी २५ मायक्रॉनपेक्षा जास्त वाढली पाहिजे किंवा मध्यभागी नवं रक्त किंवा नवी वाहिनी दिसली पाहिजे. नुसतं थोडं पाणी दिसलं आणि नजर ठीक असली तर अंतर तसंच ठेवायचे. तुमचे डॉक्टर काय करतात? पाणी दिसलं की अंतर घटवतात ना? मग चाचणीतले सोळा आणि तुमच्या दवाखान्यातले सोळा ही दोन निराळी मापं झाली.

मला सर्वात खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. २ मिलीग्रॅमच्या गटाला आठ आठवड्यांवर खिळवून ठेवलं होतं. त्यांना लांब जायची संधीच नव्हती. जपानमध्ये अल्टेअर नावाचा अभ्यास झाला, त्यात २ मिलीग्रॅमवरच डोळा बघून अंतर वाढवत नेलं. ९६ आठवड्यांनी चाळीस टक्क्यांहून जास्त लोक १६ आठवड्यांवर होते. साध्या डोसवर! दोन वेगळ्या अभ्यासांची थेट तुलना करू नये हे माझंच रोजचं कीर्तन, तरीही हे डोक्यात ठेवावं.

आणि पल्सरचाच दोन वर्षांचा हिशेब सांगतो. ९६ आठवड्यांत सरासरी इंजेक्शनं: २ मिलीग्रॅमवाले १२.८, ८ मिलीग्रॅमचे बारा आठवडेवाले ९.७, सोळावाले ८.२. जवळजवळ दोन वर्षांत तीन ते साडेचार टोचण्या वाचल्या. वाईट नाही. पण "वर्षाला तीनदाच" अशी जी हवा झालीय ती यात बसत नाही.

रेटिनावाला

परागशी बऱ्याच अंशी सहमत. पण दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मुक्ताताई उगाच निराश होतील. त्याच पल्सरमध्ये सोळाव्या आठवड्याला मध्यभाग पूर्ण कोरडा असलेले डोळे ८ मिलीग्रॅममध्ये ६३ टक्के होते, २ मिलीग्रॅममध्ये ५२. तोवर सगळ्यांची तीन मासिक इंजेक्शनं झालेली. चौथं कुणालाच मिळालेलं नव्हतं. म्हणजे तेवढंच टोचून जास्त डोळे कोरडे. ज्यांचं पाणी हटत नाही त्यांच्यासाठी मला हा आकडा अक्षरांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

डोस वाढवण्याची कल्पना पहिल्यांदाच आलीय असंही नाही. रॅनिबिझुमॅब या तशाच जुन्या औषधाचा ०.५ विरुद्ध २ मिलीग्रॅम असा हार्बर अभ्यास झाला होता. तिथेही चौपट. दर महिन्याला देऊन वर्षाअखेर ०.५ वाल्यांची १०.१ अक्षरं वाढली, २ वाल्यांची ९.२. तो मोठा डोस बाजारात आलाच नाही. कारण तेव्हा सगळे "जास्त दिसेल" याच्या मागे होते, आणि महिन्याला टोचत असाल तर साध्या डोसने व्हीईजीएफ आधीच पुरेसं दबलेलं असतं. गरजेपुरतं टोचायचे गटही त्या चाचणीत होते, पण तिथेही मोठ्या डोसने जास्त दिसलं नाही.

डोंबिवलीचे_आजोबा

मी स्वतः रुग्ण आहे, दोन्ही डोळे. वाचून दाखवायला नातू बसलाय, टंकतोही तोच.

इथे सगळे आकडे बोलताहेत, मी सुईबद्दल बोलतो. सुनबाई, सासूबाईंना सांगा, भीती टोचण्याची नसते, आधीची असते. थेंब घालून डोळा बधिर करतात, पापण्या चाप लावून उघड्या ठेवतात, पिवळं आयोडीन घालतात. सुई बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते, समोरून येताना दिसत नाही. नंतर रात्रभर खुपतं ते त्या आयोडीनमुळे. डोळा लालभडक दिसला पण दुखत नसेल तर घाबरू नये. उलट लाली कमी दिसूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक झालं, तर रात्र असली तरी गाठावं. जंतुसंसर्ग हजारो टोचण्यांत एखादा होतो, पण झाला तर तासांचा खेळ असतो. डोस मोठा असो की लहान, हे तसंच. म्हणून टोचण्या कमी झाल्या तर तो धोकाही तेवढाच कमी, हा फायदा कोणी लिहिला नाही म्हणून मी लिहितो.

मी बेवासिझुमॅबवर आहे. मूळ कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी छापील मान्यता नाही, पण स्वस्त. २०१६ च्या जानेवारीत, गुजरातमध्ये या इंजेक्शननंतर काही रुग्णांचे डोळे बिघडल्यावर, सरकारने डोळ्यात वापरू नका असा इशारा काढला, तेव्हा आमच्यासारख्यांची झोप उडाली होती. मार्चमध्ये तो मागे घेतला. अमेरिकेतल्या कॅट चाचणीत २०११ लाच ते महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरलं होतं. मला तरी त्याने पेपरातले मथळे वाचता येतात. ज्याला जे परवडतं ते वेळेवर घ्यावं. महागडं औषध ठरवून दोन महिने उशिरा घेण्यात काय शहाणपण?

गवती_चहा

एक सुचवू का? आमच्या ओळखीच्या वैद्यांकडे नेत्रतर्पण आणि त्रिफळा घृताने पुष्कळांना फरक पडलाय. इंजेक्शनं थांबवून तीन महिने करून बघायला काय हरकत आहे?

रेटिनावाला

हरकत त्या तीन महिन्यांनाच आहे. ओल्या प्रकारात पाझरणाऱ्या वाहिन्या थांबत नाहीत, आणि मॅक्युलावर एकदा व्रण पडला की ८ काय, ८० मिलीग्रॅमनेही तो जात नाही. तूप खायला माझी ना नाही, इंजेक्शन थांबवायला आहे.

वाटसरू_टेक्सास

मुक्ता, पैशांचं आधी बघून घे. आयलिया एचडी बाजारात आलं तेव्हा एका डोसची छापील किंमत २,६२५ डॉलर होती, २ मिलीग्रॅमची साधारण १,८५०. मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) असेल तर त्याच्या पार्ट बी मधून ८० टक्के मिळतात, उरलेल्या २० साठी पूरक विमा आहे का ते बघ. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फतचं, असेल तर २०१९ पासून त्या कंपन्यांना "आधी स्वस्त औषध वापरून दाखवा" असं म्हणता येतं. आमच्या आईच्या वेळी पहिला अर्ज सरळ नाकारला होता. डॉक्टरांच्या ऑफिसने जुन्या ओसीटीच्या तारखा आणि कुठल्या आठवड्याला पाणी परत आलं त्याचा तक्ता जोडला, मग मिळालं. तो तक्ता तुम्हीच करून न्या.

आणखी एक मेख. २०२३ च्या मूळ मंजुरीत तीन मासिक डोसनंतर ८ ते १६ आठवडे असंच लिहिलेलं होतं. एखाद्याला सातव्या आठवड्याच्या आत लागलं तर विमा कंपनी हात वर करायची. २०२५ च्या नोव्हेंबरात एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) गरज पडल्यास महिन्याने द्यायलाही मान्यता दिली. तुमच्या कंपनीचे नियम त्यानुसार बदललेत का, ते आधीच फोन करून विचार.

खडीसाखर

भारतात विमा देतो का यासाठी? वडिलांच्या मित्राला "ॲडमिट नव्हतात" म्हणून परत पाठवलं होतं.

वाटसरू_टेक्सास

भारतातलं मला नाही सांगता येणार. कोणी सांगा.

पराग_लेस्टर

भावाच्या सासऱ्यांसाठी शोधलं होतं. आयआरडीएआयने (विम्याची नियामक संस्था) २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी काढली. रोबोटिक शस्त्रक्रिया वगैरेंबरोबर डोळ्यात टोचायची इंजेक्शनंही त्यात आहेत. यादीतले उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत. मात्र रकमेची मर्यादा घालता येते, आणि बऱ्याच पॉलिसींत ती असते. परत पाठवलं तर नकार लेखी मागायचा आणि त्या यादीचा उल्लेख करून तक्रार करायची.

मुक्ता_एडिसन

सगळ्यांचे आभार, वेळ काढून लिहिताय. आणखी एक: ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वडिलांना व्हॅबिस्मो देतात आणि ती म्हणते तेच सर्वात चांगलं. ते आणि हे यात काय निवडायचं?

रेटिनावाला

व्हॅबिस्मो म्हणजे फारिसिमॅब, जानेवारी २०२२ चं. ते व्हीईजीएफबरोबर अँजिओपोएटिन-२ नावाचं दुसरं प्रथिनही अडवतं. त्याच्याही चाचण्यांत तुलना आठ आठवड्यांच्या २ मिलीग्रॅम अफ्लिबरसेप्टशीच होती आणि त्याचीही कमाल सोळा आठवडेच. नजरेच्या बाबतीत तिथेही "तेवढंच". दोन्हीपैकी एकाने डोळा वाळला नाही तर दुसरं करून बघतात, यापलीकडे मी छातीठोक काही म्हणणार नाही. नव्याच्या मागे लगेच न धावण्याचं कारणही आहे. ब्रोलुसिझुमॅब २०१९ च्या ऑक्टोबरात मोठ्या अपेक्षेने आलं, पाणी सुकवण्यात अव्वल. काही महिन्यांतच पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आल्याच्या, नजर गेल्याच्या नोंदी आल्या आणि २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या पडदातज्ज्ञांच्या संघटनेने सगळ्यांना सावध केलं. ८ मिलीग्रॅम अफ्लिबरसेप्टमध्ये चाचणीभर तसं काही दिसलं नाही. आतल्या सुजेचं प्रमाण दोन्ही डोसमध्ये जवळपास सारखं, एक टक्क्याच्या आसपास.

तुमच्या डॉक्टरांना एक मात्र नक्की विचारा. आपल्याकडच्या, एकूणच आशियाई लोकांत पीसीव्ही नावाचा उपप्रकार जास्त आढळतो. त्यात वाहिन्यांच्या टोकाला फुगे असतात आणि असे डोळे इंजेक्शनला हट्टीपणा करतात. हिरव्या रंगाची अँजिओग्राफी, आयसीजी म्हणतात, केली तर ते नीट कळतं. कधी कधी इंजेक्शनबरोबर थंड लेझर दिलं तर काम होतं. अमेरिकेत गोऱ्या रुग्णांची सवय असल्याने हे राहून जाऊ शकतं. डोस वाढवण्याआधी आजार तोच आहे ना, एवढं बघून घ्यायला हवं. आणि गेल्या काही महिन्यांत आईंना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला असेल तर तोही सांगा.

मुक्ता_एडिसन

अपडेट देते. कालच जाऊन आलो. डॉक्टरांना पीसीव्हीबद्दल विचारलं तर ते खुर्चीत जरा सरळ बसले. आयसीजी आधी झालेली नव्हती, ती या महिन्यात करणार. त्यात फुगे दिसले नाहीत तर ८ मिलीग्रॅम सुरू. त्यांनीही सहावरून आठ-नऊ आठवडे हाच अंदाज सांगितला, सोळाचं नाव काढलं नाही. विम्याच्या अर्जाला जोडायला मी आठवड्यांचा तक्ता करून दिला, ऑफिसातल्या बाई म्हणाल्या असं कोणी आणून देत नाही.

रत्नागिरीचं विचारलं. म्हणाले, लांबवलेलं अंतर पहिल्यांदा प्रवासात तपासू नका. आठ आठवडे इथे दोनदा कोरडे गेले, तरच तिकीट.

रेटिनावाला

बरोबर सांगितलं. निघताना ओसीटीच्या मूळ प्रतिमा पेनड्राइव्हवर घ्या, नुसते छापील रिपोर्ट नकोत. रत्नागिरीहून पडद्याचे डॉक्टर कुठे गाठायचे, कोल्हापूर की पुणे, ते आधीच ठरवून ठेवा. तिथे वेळ पडली तर २ मिलीग्रॅमचंही चालेल, फक्त त्याचे आठवडे जुन्या हिशेबाने मोजायचे.

डोंबिवलीचे_आजोबा

आणि डोळा टोचल्यावर थोडे दिवस समुद्राचं पाणी, वाळू डोळ्यात जाऊ देऊ नये. गणपती विसर्जनाला वहिनींना किनाऱ्यावर मागेच उभं करा. नातू म्हणतोय आयसीजीत काय निघालं ते इथेच लिहा, आम्ही धागा वर आणत राहू.